मायच्या डोक्यावरून गेलेलं विमान

विमानात मी आयुष्यात एकदाच बसले, आणि बसले तेही पुढच्या रुंद खुर्चीत. नातवंडं आता उठसूट दिल्ली-बंगलोर उडतात. "आजी, तुझं तिकीट काढू का?" असं विचारतात. मी नको म्हटलं की त्यांना वाटतं, म्हातारी घाबरते. घाबरायला काय झालं? मला त्या खुर्चीची शिसारी आहे, आणि ती का आहे हे मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना माहीत होतं. पण तीस-पस्तीस वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांसमोर तो विषय काढला नाही.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेलं असेल. आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहत होतो. हे एका कापूस खरेदी करणाऱ्या पेढीवर होते. बोंडातला चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचा आणि धागा किती लांब, कापूस किती ओला, शेतकऱ्यानं पाणी मारलंय की नाही, ते उभ्या उभ्या सांगायचं, हे यांचं काम. त्या वर्षी हंगाम चांगला गेला. मुंबईचे शेठ खूश झाले आणि त्यांनी बक्षीस दिलं: मे महिन्यात आठ दिवस जुहूच्या बाजूला समुद्राकाठच्या हॉटेलात दोघांनी राहायचं, आणि परत येताना नागपूरपर्यंत विमान. शेठचा शब्द असा की विमानातही साध्या जागा नाहीत, पुढच्या.

जठारपेठेत ही बातमी पसरायला एक सकाळ पुरली. साखर मागायला आलेली शेजारीण म्हणाली, "इमान पडलं तं हाडंबी सापडत नाईत म्हन्तेत, बाई." तिचा जळफळाट पाहून मला इतकं बरं वाटलं की मी तिला वाटीभर साखर जास्तच दिली.

निघण्याआधी एक दिवस बडनेऱ्याला जाऊन आले. माझं माहेर ते. दादा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता, आणि वडील गेल्यापासून माय त्याच्याकडे, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मायला समुद्र म्हणजे काय हे मी सांगत होते, जशी काही मी तो रोज बघत होते. ती नळावरून कळशी घेऊन आली, अर्ध्या वाटेत कळशी खाली ठेवून तिथेच ओट्यावर बसली. श्वास पुरत नव्हता तिला. मी विचारलं, "काय झालं?" "काई नाई, ऊन हाय," ती म्हणाली. आणि मी ते मान्य केलं. दादाला म्हणाले असते, जरा डॉक्टरला दाखव, तर कदाचित माझंच जाणं बारगळलं असतं. मी ते तेव्हाच जाणून होते. उगाच वेड पांघरण्यात अर्थ नाही.

मुलांना सासूबाईंकडे ठेवून आम्ही गेलो. हॉटेल कसं होतं ते सांगत बसत नाही. पांढऱ्या चादरी, बसून आंघोळ करायचा चिनी मातीचा मोठा टब, आणि आपण जेवत असताना मागे हात बांधून उभा राहणारा माणूस. मला ते सगळं आवडलं. हेही कबूल करते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी सहा दिवस चुलीपुढे गेले नव्हते.

सोमवारी दुपारी जेवणं आटोपत होती, तेव्हा तार आली. दादाची. माय आजारी आहे, लगेच निघा. एवढंच.

ते वाचून मी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "माय गेली."

यांनीही मान हलवली. त्यांनाही दुसरं काही वाटलं नाही.

आता हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. पण आमच्याकडे मेल्याची बातमी मेल्याची म्हणून कधी पाठवायचेच नाहीत. त्यातून सासरी असलेल्या लेकीला तर नाहीच. लेक धसका घेते, वाटेत तिला काही होतं, म्हणून तिला सांगायचं, "बरं नाही, चल." माझे वडील वारले तेव्हा चुलतभाऊ मला न्यायला अकोल्याला आला होता. "काकाले जरासा ताप हाय, तुही आठवन काढून राह्यले," म्हणाला. वर आमच्याकडे बसून भाकरी खाल्ली, दुसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं. मी आपली खूश, वडिलांनी आठवण काढली म्हणून. स्टेशनवर डझनभर संत्री घेतली, तापात तोंडाला चव येते म्हणून. गाडीत त्या भावाशी हसत-खिदळत गेले. आणि घरी पोचले तो दारात राख, बायका भिंतीला टेकून बसलेल्या, आणि मी मधोमध उभी, हातात संत्र्यांची पिशवी. वडिलांना पोचवून सहा तास झाले होते. त्या पिशवीकडे बघून बायकांनी जो आकांत केला, तो मी विसरले नाही. तेव्हा मायशीच भांडले होते मी. "मले खरं काऊन नाई सांगतलं?" तर ती म्हणाली, "लेकीले असंच सांगाव लागते. तुह्या लेकीले तूबी असंच सांगशीन." त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं, पुन्हा कोणी मला असं येडं बनवू शकणार नाही.

म्हणून मी फसले नाही. तार वाचली आणि लगेच ओळखलं.

चिनी मातीच्या त्या टबात लुगड्यासकट बसून डोक्यावरून पाणी घेतलं. लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं. बाहेर आले तेव्हा हे खिडकीपाशी उभे होते.

"संध्याकाळची मेल आहे," हे म्हणाले. "धरली तर उद्या सकाळी बडनेरा."

मी ओले केस पुसत राहिले.

"पण मे महिना आहे," थोड्या वेळानं हे म्हणाले. "ते काही थांबले नसतील. तार काल टाकली असेल, म्हणजे काल नाहीतर आज सकाळीच नेलं असेल. बायकांना मसणात नेत नाहीत, राख सावडायलाही नेत नाहीत. आपण उद्या पोचलो काय नि परवा पोचलो काय. परवाचं विमान आहेच. मेलला रिझर्व्हेशन मिळायचं नाही, तू रडत थर्ड क्लासमध्ये कुठे उभी राहशील? आणि उद्या रात्री शेठनी जेवायला बोलावलंय."

ह्यातली एकेक गोष्ट खरी होती. शेठ त्या जेवणाला यांना अमरावतीच्या नव्या शाखेचं बोलणार होते, हेही मला ठाऊक होतं. पण ही सगळी यांची कारणं झाली. माझं कारण वेगळं होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. मला विमानात बसायचं होतं. जठारपेठेत सांगून बसले होते. माय तर गेलीच, ती काही परत यायची नाही, मग हे तरी का सोडायचं, असं माझ्या मनात आलं. आलं म्हणजे नुसतं येऊन गेलं नाही, तिथे ठाण मांडून बसलं.

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

बाईच्या जातीला ही एक सोय आहे. आपल्याला हवं तेच नवऱ्यानं म्हटलं की त्याच्यावर टाकून मोकळं व्हायचं.

सोमवार संध्याकाळ, मंगळवार अख्खा, मी खोलीतच होते. केसांना तेल लावलं नाही, गोड खाल्लं नाही. रडले खूप, ते खोटं नव्हतं. मध्येच रडणं थांबायचं आणि खिडकीतून वाऱ्यानं पडदा हलायचा तो मी बघत राहायचे. मंगळवारी रात्री शेठकडे हे एकटेच गेले. परत येऊन म्हणाले, "शाखेचं जवळजवळ नक्की आहे." मी म्हणाले, "बरं झालं." आणि झोपले. मला झोप लागली.

बुधवारी सकाळी विमान. पुढच्या चार जागा खरंच रुंद होत्या, हात पसरले तरी शेजाऱ्याला लागत नव्हते. निळ्या साडीतली मुलगी तबकात पेपरमिंट आणि कानात घालायला कापूस घेऊन आली. यांनी कापसाचा बोळा उचलला आणि सवयीनं दोन्ही चिमटीत ओढून पाहिला. "आपल्याकडचा नाही," म्हणाले. त्या क्षणी मला हसू आलं. सुतकात, आई मेलेली असताना, मी तोंडाला पदर लावून हसले.

मग खालचं दिसेनासं झालं, मग पुन्हा दिसायला लागलं. डोंगर संपले आणि काळी, उकरलेली, उन्हात पडलेली वावरं सुरू झाली. यांनी घड्याळ पाहिलं, खिडकीला नाक लावलं.

"हे अकोला गेलं बहुतेक," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ते बघ, रूळ फुटलेत तिथे, ते बडनेरा."

मी वाकून पाहिलं. बोटाएवढे रूळ, पत्र्यांची चमक, आणि बाजूला कुठेतरी धुराची एक रेघ. इंजिनाचा धूर असेल, नाहीतर कोणी पालापाचोळा पेटवला असेल. मला मात्र वाटलं, ते मसण. मी खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले, डोळे मिटले आणि मायला नमस्कार केला. मनात म्हणाले, सुखानं जा. निळ्या साडीतल्या मुलीनं मला रडताना पाहिलं आणि ती केकचा तुकडा आणि कॉफी ठेवून गेली. केकात अंडं असतं हे मला माहीत नव्हतं. मी तो खाल्ला.

नागपूरला उतरलो, स्टेशन गाठलं आणि ज्या वाटेवरून उडून आलो त्याच वाटेनं पॅसेंजर गाडीनं उलटे निघालो. लाकडी बाक, खिडकीतून येणारी आग. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. फलाटावर दादाच्या ऑफिसातला एक ओळखीचा माणूस भेटला. आम्हाला पाहून त्यानं मान खाली घातली. "भाऊ घरीच हाय," म्हणाला. "जा लवकर." एवढं बोलून तो पार्सलच्या गाड्याकडे वळला. राहिलीसाहिली शंका तिथे फिटली.

आमच्याकडे एक रीत आहे. माहेरात मयत झाल्यावर लेक येते ती गुपचूप येत नाही. गल्लीच्या तोंडाशीच तिनं गळा काढायचा. मग घराघरांतून बायका बाहेर येतात, तिला कवळ्यात घेतात, तिच्याबरोबर रडत रडत दारापर्यंत आणतात. न रडता आलेल्या लेकीचं नाव वर्षभर चघळलं जातं. मला तर रडायला रीत नको होती. तीन दिवसांचं साचलेलं होतं, आणि वर ते विमानाचं ओझं. क्वार्टरच्या ओळीचं पहिलं घर आलं आणि मी डोक्यावर हात मारून सुरुवात केली.

"माय वं माही! मले टाकून कुठी गेली वं! तुह्या लेकीनं तुहं तोंडबी नाई पाह्यलं वं माय! आता मी कोनाच्या घरी येऊ वं..."

बायका बाहेर आल्या. पण कोणी पुढे येईना. एकीनं तोंडावर हात ठेवला. दुसरी नुसतीच नको नको करत हात हलवत होती. मला वाटलं, काय कोरड्या बायका आहेत ह्या, रेल्वेच्या, गावोगावच्या, ह्यांना रीतभात कुठली. म्हणून मी आणखी मोठ्यानं रडले. बारा घरं ओलांडेपर्यंत मी मायचे गुण गायले, तिच्या हातच्या पुरणाच्या पोळ्या काढल्या, तिनं माझ्या बाळंतपणात खाल्लेल्या खस्ता काढल्या, तिच्या तिरडीला माझा हात लागला नाही म्हणून कपाळ बडवलं.

दारात वहिनी धावत आली आणि तिनं माझं तोंड हातानं दाबलं. "अवं हायेत ना त्या! हायेत! आयकू येते त्याईले सारं!"

खोलीत मधोमध खाट होती. उशाशी दादा. खाटेवर माय, तीन उशांना टेकवून बसवलेली, ओठ निळे, आणि डोळे उघडे. सताड उघडे. ते दारावर, माझ्यावर होते.

मी उंबऱ्यावरच बसले.

दादा उठून बाहेर आला. रागावला नव्हता, नुसता थकला होता. "काल मेल पाह्यली, आज बी पाह्यली," म्हणाला. "सारे डबे पाह्यले, फस्ट क्लासचे बी. म्हटलं तार भेटली नसन. डाक्टरनं शनवारीच सांगतलं होतं, दोन-चार दिवस. तवापासून तुहंच नाव घेऊन राह्यली."

मायनं बोट हलवून मला जवळ बोलावलं. मी खाटेजवळ जमिनीवर बसले. तिला बोलायला दम पुरत नव्हता, दोन शब्द आणि थांबायचं, असं चाललं होतं.

"मोठा गळा हाय तुहा," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं. मला वाटलं, सुटले. मीही रडत रडत हसले.

"मी मेली समजली न तू?"

"हाव, माय."

"तार कवा भेटली?"

"सोमवारी."

ती गप्प राहिली. श्वास घेत होती म्हणून गप्प आहे असं मला वाटलं. तसं नव्हतं, ती दिवस मोजत होती. मग तिनं विचारलं, "मेली समजली, तं मंग सोमवारीच काऊन नाई निंगाली?"

खोलीत सगळे होते. दादा, वहिनी, दारात हे. यांनी घसा खाकरला. "विमानाची तिकिटं होती, आजची," म्हणाले.

मायनं यांच्याकडे पाहिलं नाही. जावयाशी ती कधीच थेट बोलत नसे. माझ्याकडेच पाहत राहिली. ती जिवंत आहे असं समजून उशिरा आले असते, तर साधं दुखणं वाटलं, असं तरी एक वेळ सांगता आलं असतं. तिनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर माय सहा दिवस जगली. मी तिचं सगळं केलं. अंग पुसलं, पाठ चोळली, चमच्यानं पेज भरवली. तीही माझ्याशी बोलायची. मुलांचं विचारायची, सासूबाईंचं विचारायची. तो प्रश्न तिनं पुन्हा काढला नाही. दोनदा मी तिचे पाय धरले आणि म्हणाले, "माय, चुकलं." दोन्ही वेळा ती म्हणाली, "पानी दे." मी पाणी दिलं.

भेटायला बायका यायच्या. ओळीतल्या यायच्या, अमरावतीहून नात्यातल्या यायच्या. त्या दिवशीचं माझं रडणं सगळ्यांच्या कानावर गेलेलं होतंच, त्या माझ्याकडे बघत पदराआड कुजबुजायच्या. मग माय त्यांना हातानं जवळ बोलवायची. दम लागायचा, घाम यायचा, तरी बोलायची. "माही लेक इमानात आली. माह्यासाठी. रेल्वेनं उशीर झाला असता न." बायका डोळे मोठे करायच्या. कोणी म्हणायची, "बाप्पा! इमानात!" आणि माय मान हलवायची. हे सांगताना तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनी खाली बघायची. तार सोमवारीच मिळाली होती, हे तिनं ऐकलेलं होतं.

सातव्या दिवशी पहाटे ती गेली. मी जवळ होते.

तेराव्याला घर भरलं होतं. एक म्हातारी, मायच्या माहेरची, मला जवळ ओढून म्हणाली, "नशीबवान हायेस, पोरी. मायचा जीव तुह्यात अडकेल होता. इमानानं आली म्हनून भेट झाली."

मी हो म्हणाले. आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी हो म्हणत आले आहे.